हिरवी तार

आमच्या घरी भाकरीला वार्निशचा वास यायचा. नवखे पाहुणे पहिल्या घासाला थबकायचे, दुसऱ्याला आईकडे बघायचे आणि आई शांतपणे म्हणायची, "आमच्याकडं असंच असतंय. चटणीवर तेल घालू का?" जालन्याच्या मस्तगडातलं ते घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटर भरायचं दुकान. मधल्या खोलीत आम्ही चौघं. मागं स्वयंपाकघर आणि एक नळ, त्याला दिवसाआड पाणी. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या. भोकरदन-जाफराबादकडून एसटीच्या टपावर बांधून, कधी सायकलच्या मागं, आणि आणणाऱ्याचा चेहरा असा की घरातलंच कोणी दवाखान्यात आणलंय. अण्णा मोटरीच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायचे, नवी तार मोजून भरायचे, तिला वार्निश पाजायचे आणि मोठ्या बल्बांच्या उबेला सुकत ठेवायचे. तो वास भिंतींत, उशांत, माझ्या वेणीत बसला होता. कॉलेजात शेजारी बसणारी मुलगी वर्षभर समजत होती की मी केसांना कसलंतरी औषध लावते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

शांतता अशी त्या घरात नव्हतीच. हातोडीची ठकठक, तार गुंडाळायच्या हातमशीनची टिकटिक, लांबून रोलिंग मिलची घरघर, त्यात आईचं भाकरी थापणं. मिल सुरू झाली की आमचे बल्ब क्षणभर मान टाकायचे. अण्णांना सगळं कानानं कळायचं. चालू मोटरीला कान लावून ते सांगायचे, ही अजून दोन वर्षं जाईल आणि ही दिवाळी बघायची नाही. "गुणगुणती मोटर बरी," ते म्हणायचे, "ती बोलून राह्यली ना, काय दुखतंय ते. गप झालेलीला भ्यावं." अण्णांना गूढ बोलायची हौस आहे, असं मला तेव्हा वाटायचं. आता त्यांच्याहून म्हातारी झाले तर मीही तसंच बोलते, आणि माझ्या सुना एकमेकींकडे बघतात.

दुकानात एक रीत होती. तिला आम्ही 'पहिला हात' म्हणायचो. मोटर भरून झाली, गिऱ्हाईक समोर बसलं, लाइन जोडली, की मोटरीच्या अंगाला पहिला हात लावायचा तो भरणाऱ्यानं. मोटरीच्या अंगात करंट उतरत असेल तर तो कारागिराला बसावा, विहिरीवर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नाही. आणि हात लावायचा तो उलटा, बोटांची पाठ टेकवून. करंट लागला की मूठ आपोआप आवळते. तळहातानं धरलं असेल तर हात तिथंच चिकटतो, माणसाला ओरडताही येत नाही. उलटा हात असेल तर झटक्यानं बाहेर फेकला जातो. अण्णांना हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं, आणि तरी एकदा घाईत त्यांनी सुलटा हात लावला होता. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून सरळ होत नव्हती. त्या वाकड्या बोटांत घास मात्र बरोबर बसायचा, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांची बोटं अशी असतात.

आठवीत असल्यापासून मी मोटरी भरत होते. माझी बोटं बारीक, लोखंडाच्या खाचांत सहज जायची. अकरावीला जाईपर्यंत दुकानातल्या निम्म्या मोटरी मी भरत असेन. पण गिऱ्हाईक आलं की मी मधल्या खोलीत, आणि पहिला हात अण्णांचा. पोरीनं भरलेली मोटर विहिरीवर बसवायला कोण तयार होणार? हे मला समजत होतं आणि तरी माझा संताप व्हायचा. काम माझं, आणि त्याची जोखीमसुद्धा माझी नाही. एकदा मी भांडले तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "तुझा हात कशाला खराब करती, शोभा? माझी दोन बोटं तशीबी गेलेलीच हायत." मी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

माझा थोरला भाऊ विजूदादा या सगळ्यापासून लांब. त्याला मोटरीत रस नव्हता, वार्निशचा वास सहन होत नव्हता, आणि तांब्याच्या तारेकडे तो पुराणातल्या सापाकडे बघावं तसा बघायचा. तो ऑर्केस्ट्रात होता. त्या काळी आमच्याकडे गणपती, नवरात्र, मोठ्या घरची हळद, कुठंही ऑर्केस्ट्रा लागायचा. आधी तो ढोलकी वाजवायचा. मग औरंगाबादेत एका कार्यक्रमात त्यानं बेस गिटार ऐकली आणि त्याचं जेवणावरून मन उडालं. महिन्याभरात तिथल्याच एका वाजवणाऱ्याची जुनी गिटार घेऊन तो दारात उभा. लाल रंगाची, कडा उडालेली, खाटेच्या पायासारखी जड. आईनं बघितली आणि विचारलं, "चारच तारा? दोन देतानाच तुटल्या का?"

"आई, हिला चारच असतात. ही वर वाजत न्हाई, गाण्याच्या खालून वाजती. जोतं असतं ना घराला, तसं."

"मंग घर कोणाचं? दुसऱ्याचंच ना?" असं म्हणून ती आत गेली. पण जाताना गिटारला हळदकुंकू लावून गेली.

गिटार चांगली नव्हती. दोन बारीक तारा बोलायच्या, दोन जाड तारा मुक्या. म्हणजे ज्यासाठी घेतली तेच नाही. विजूदादाचा चेहरा पडला. मी स्क्रू काढून तारांखालची काळी डबी उघडली आणि मला हसूच आलं. आत चुंबक, चुंबकाभोवती तांब्याची तार. "दादा, ही तर मोटरच हाय," मी म्हणाले, "नुसती फिरत न्हाई एवढंच." दोन डब्या होत्या, एकीची तार तुटलेली. ती तार केसाहून बारीक. तसली आमच्याकडे नव्हती, म्हणून एक मेलेला रेडिओ फोडून त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधली उलगडली. हातमशीनवर गुंडाळायला बसले तर दर थोड्या वेळानं तटकन तुटायची. श्वास सोडला तरी तुटायची. शेवटी मी पंखा बंद केला, दार लावलं आणि दोन बोटांच्या मध्ये ती नुसती वाहू दिली. कित्येक संध्याकाळी गेल्या. विजूदादा समोर मांडी घालून बसायचा, हलायचा नाही. आयुष्यात मी त्याला एवढा वेळ एका जागी बघितलेला नाही.

मग आम्हाला चटकच लागली. तार घट्ट बसावी म्हणून डबीत मेणबत्तीचं मेण ओतलं. गिटारच्या पोटाला आतून चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद चिकटवला. आवाज कमीजास्त करायचं बटण रेडिओचं बसवलं. मान थोडी वाकली होती, तिच्या बुडाशी मोसंबीच्या पेटीच्या फळीचा पातळ तुकडा सरकवला आणि तारा बोटाला हलक्या झाल्या. मानेवरच्या आडव्या पट्ट्या कानसीनं घासून मऊ केल्या. विजूदादानं गिटार ॲम्प्लिफायरच्या पेटीला जोडून चारही तारा छेडल्या तेव्हा फडताळातली भांडी थरथरली आणि आई लाटणं घेऊन बाहेर आली. तो आवाज कानाला कळायच्या आधी पोटाला कळायचा. मला तो फार आवडला, आणि का कोण जाणे, त्याची भीतीही वाटली.

एक खोट राहिली होती. गुरगुर. वाजवा किंवा नका वाजवू, पेटीतून सारखी जाड गुरगुर. तारांवर हात ठेवला की कमी व्हायची, काढला की परत. मी तारा जिथं अडकवतात त्या लोखंडी पट्टीखालून एक तार घेऊन आत सोल्डर केली. अशी तार मुळात सगळ्याच गिटारींत असते, आमच्या गिटारीतली कोणीतरी काढून टाकली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा वाटलं शोध माझाच. गुरगुर निम्मी झाली. उरलेली निम्मी ॲम्प्लिफायरमध्ये. तो विजूदादाच्या मित्रानं लाकडी पेटीत जोडून दिलेला, दोन पिनांचा, अर्थिंगची तिसरी पिनच नाही. मी त्याच्या लोखंडी सांगाड्याला एक लांब हिरवी तार जोडली, तिच्या टोकाला मगरीच्या तोंडाची चिमटी लावली आणि ती चिमटी स्वयंपाकघरातल्या नळाला अडकवली. गुरगुर गेली. गेली म्हणजे अशी गेली की मिलची घरघर ऐकू यायला लागली. विजूदादानं मला उचलून गोल फिरवलं.

मी अण्णांना हाक मारली. पहिला हात लावा म्हटलं. ते हात पुसत आले, पेटीकडे, गिटारकडे, नळापर्यंत गेलेल्या हिरव्या तारेकडे बघितलं. "हे माझ्या दुकानचं काम न्हाई," ते म्हणाले. मी म्हणाले, मग माझा. आणि बोटांची पाठ तारांवर टेकवली. काही झालं नाही. आयुष्यातला माझा पहिला 'पहिला हात', गिऱ्हाईक म्हणून सख्खा भाऊ, पण मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अण्णा मात्र तिथंच उभे होते.

"गुरगुर कुठं गेली?"

"नळात."

"अन् जिथं नळ न्हाई तिथं?"

"तिथं बघू की अण्णा, काहीतरी अर्थिंग असतंच," विजूदादा म्हणाला.

"बघू न्हाई. आधी बघायचं. करंट येतो कुठून ते सगळे बघतात. परत जातो कुठून ते कोणी बघत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "आवाज बंद झाला म्हंजे आजार गेला असं समजू नको."

मला वाटलं, माझं कौतुक करायला यांना जड जातंय. मी चिमटी पुसून पेटीत ठेवली.

नवरात्रात ऑर्केस्ट्राला जाफराबादच्या पुढच्या एका गावाची सुपारी आली. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं भली होती आणि त्यांनी केलं ते तेव्हा सगळीच गावं करत होती. ते आईचं माहेर. देवीची ओटी भरायला तिला जायचंच होतं, तिनं मलाही बरोबर घेतलं. विजूदादा आणि मंडळी सकाळीच टेम्पोनं गेली होती. आम्ही दोघी एसटीनं जाफराबादला उतरलो आणि पुढं जीपमध्ये कोंबून घेतलं. आईच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती. पाऊस त्या वर्षी लवकर गेला होता, आणि जमिनीला आत्ताच भेगा होत्या. हे वाक्य मी आज लिहितेय. त्या दिवशी मी भेगा बघितल्या आणि मला काहीही वाटलं नाही.

चार वाजता पोहोचलो. मोठ्या लिंबाखाली मांडव, ड्रमांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज, माळांना अडकवलेले बल्ब. लाइटीची जबाबदारी किसनमामांकडे. ते आईचे चुलतभाऊ, साठीच्या आसपासचे, पायात कधी काही न घालणारे. मला बघितल्यावर धोतराच्या सोग्यातून मोसंबी काढली, नखानं तिची साल एका सलग पट्टीत उतरवली आणि फोडी हातात दिल्या. "कॉलेजात जाती म्हणं? मंग हे सांग, दिवसाढवळ्या बल्ब कामून लावले?"

"कामून?"

"तपासून राह्यलो. बघ गंमत." माळेतले बल्ब लालसर, मरगळलेले होते. मामांनी बादली उचलली आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतली. बल्ब हळूहळू पिवळे झाले, मग लख्ख. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "लाइटीला तहान लागती, बेटा. घंट्या-घंट्याला पाणी पाजावं लागतं तिला."

मोसंबीची फोड माझ्या तोंडात तशीच राहिली. अण्णांच्या घरात वाढलेल्या पोरीला ती गंमत काय आहे हे सांगावं लागत नाही. वीज एका तारेनं येते आणि तिला परत जायला दुसरी तार लागते. या गावानं खांबावरून एकच तार ओढली होती. परतीची वाट म्हणजे जमीन. बुंध्याशी एक लोखंडी सळई ठोकलेली होती आणि सगळ्या मांडवाची वीज त्या सळईवाटे मातीत उतरत होती. माती ओली तोवर ठीक. माती सुकली की वीज सळईच्या तोंडाशी अडते, बल्ब मंद होतात आणि ती सळईच जिवंत होते. मी बुंध्यापाशी गेले. सळईला एक काळी वायर गुंडाळलेली होती. तिच्या वर माझी चिमटी. माझी हिरवी तार तिथून निघून स्टेजवर गेली होती.

नंतर कळलं, विजूदादानं विचारलं होतं, अर्थिंग कुठंय, आणि कोणीतरी सळई दाखवली होती. तो काही चुकला नव्हता. मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

सळईतली वीज माझ्या तारेनं पेटीत, पेटीतून गिटारच्या तारांत. विजूदादा सुक्या फळ्यांवर उभा होता, म्हणून त्याला काही जाणवत नव्हतं. पण माइक दुसऱ्याचा होता. लाऊडस्पीकरवाल्याचं सगळं बॅटरीवर आणि माइकचा लोखंडी दांडा स्टेजच्या पुढं थेट मातीत रोवलेला. एका हातात गिटारच्या तारा आणि दुसऱ्या हातात किंवा ओठाला तो माइक, की संपलं. विजूदादा गाणाऱ्याला दुसरा आवाज द्यायचा. गिटार गळ्यात घालून तो माइककडेच निघाला होता. मी ओरडले. कर्ण्यातून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" चाललं होतं, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. समोरची चिमटी आधी ओढावी हे त्या घाईत सुचलंच नाही. चपला मी देवळापाशी काढलेल्या. ओल्या, नुकत्याच पाणी ओतलेल्या मातीवरून मी पळत गेले आणि स्टेजखालून हात वर केला. समजावून सांगायला वेळ नव्हता. तो ऐकणारही नव्हता, हसला असता. मी बोटांची पाठ तारांवर टेकवली.

दंडापर्यंत कोणी घण मारला असं झालं. मी चार हात मागं, पाठीवर. विजूदादा वाकून म्हणाला, "काय झालं गं? पडली कशी?" आणि परत तारांना हात. "मला तर बिलकुल काही लागून न्हाई राह्यलं."

"माइकला हात लावू नको," मी म्हणाले. "आईची शपथ हाय." माझ्या आवाजात काहीतरी असावं. तो थांबला. मी उठले, बुंध्याशी गेले, हिरव्या तारेचं प्लास्टिक धरून हिसडा मारला आणि चिमटी सुटली. स्टेजवर पेटी गुरगुरायला लागली. ती गुरगुर ऐकून मला रडू आलं.

इथपर्यंत मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. नातवंडांना, दुकानातल्या पोरांना. सगळे म्हणतात, भावाचा जीव वाचवला. पुढचं मी फक्त अण्णांना सांगितलं होतं.

किसनमामा बादली घेऊन जवळ आले. "काय झालं बेटा? काही बिघडलं का आमचं?"

बोटांच्या पाठीवर पांढरा चट्टा उठला होता, तो मी पदराखाली घेतला. सळई धोक्याची आहे असं म्हटलं असतं तर कार्यक्रम थांबला असता. विजूदादाचा पहिला मोठा कार्यक्रम, आईचं माहेर, सगळं गाव जमलेलं, आणि मुळात विचारलं असतं, तुला गं काय कळतं? आणि अण्णांना कळलं असतं की माझी तार कुठं लागली होती. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि त्यात एक असंही आलं की सळई माझी नाही. ते माझ्या दुकानचं काम नाही.

"काही न्हाई मामा," मी म्हणाले. "आमची तार होती. काढली."

"मंग बराबर," मामा म्हणाले, आणि पाणी आणायला गेले.

दिवेलागणीला आरती झाली आणि कार्यक्रम सुरू झाला. बायकांच्या बाजूला आई आणि मी सतरंजीवर. विजूदादा सुंदर वाजवत होता. सगळ्या गाण्यांच्या खालून ती गुरगुर येत होती आणि शेजारची मामी म्हणाली, "काय गं, भुंगा शिरलाय का त्याच्या पेटीत?" मी हसले. हात दुखत होता पण मी खूश होते. अगदी खरं सांगते, मी खूश होते. दुसऱ्या गाण्यात बल्ब लाल झाले. मग उजळले. मामांनी पाणी ओतलं असणार. चौथ्या गाण्यात परत लाल झाले, आणि मी वाट बघितली की आता उजळतील. गाणं अर्ध्यावर आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी ओरडलं, "ओ किसनराव, पाणी!" बल्ब लालच राहिले. मी सतरंजीवरून उठले, कारण मला माहीत होतं. बुंध्याकडून एका बाईची किंकाळी आली, आणि विजूदादाचा हात थांबला. नुसती गुरगुर उरली.

बादली भरलेलीच होती. त्यांनी पाणी ओतलं नव्हतं. सारखं पाणी ओतून माती सैल झाली होती, सळई हलायला लागली होती, ती खोल दाबून बसवावी असं त्यांना वाटलं असणार. चिखलात अनवाणी उभं राहून त्यांनी ती दोन्ही मुठींनी धरली होती. सुलट्या हातांनी. कोणीतरी खांबावरची तार काठीनं पाडली तेव्हा मुठी सुटल्या. जीपनं जाफराबादला नेलं. आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी मागं बसले होते आणि माझ्या हाताला मोसंबीचा वास येत होता. दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी जालन्याला आलो. अण्णांना निरोप आधीच मिळाला होता. ते दुकानात बसले होते, काम समोर नव्हतं. मला म्हणाले, "हात दाखव." मी दाखवला. त्यांनी पाठीवरचा चट्टा बघितला, मग हात उलटून तळवा बघितला. तो स्वच्छ होता.

"तुला सळई दिसली होती?"

"हो."

"सांगितलं?"

"न्हाई."

त्यांनी माझा हात सोडला. मारलं असतं, ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळशाचं पोतं घेतलं, खांबापासून मांडवाच्या जागेपर्यंत पुरेल एवढी वायर खांद्यावर टाकली आणि एकटे त्या गावाला गेले. तिथं त्यांनी अर्थिंगचा खड्डा खणला, परतीची दुसरी तार ओढून घेतली आणि चार दिवसांनी आले. मी मोटर भरत बसले होते. वार्निश सुकलं, गिऱ्हाईक आलं, मी सवयीनं उठून आत जायला लागले.

"थांब," अण्णा म्हणाले. आणि त्या शेतकऱ्याला सांगितलं, "मोटर हिनं भरलीय. पहिला हात हिचा." त्यांनी लाइन जोडली आणि बाजूला उभे राहिले.

जे मी तीन वर्षं मागत होते ते मला असं मिळालं. त्या दिवसानंतर अण्णांनी मरेपर्यंत एकाही मोटरीला माझ्याआधी हात लावला नाही. तो मान होता की शिक्षा, मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. विजूदादानं पुढं चार-पाच वर्षं गिटार वाजवली. ती गुरगुर बंद करून दे असं तो मला दोनदा म्हणाला. मी नाही म्हणाले. त्याला कारण माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल. दुकान आता माझ्या नावावर आहे, विहिरीवरच्या मोटरींची जागा पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबलनं घेतली आहे. चिमटी अजून खणात आहे. लाइन जोडली की पोरं बाजूला होतात, त्यांना सवय झाली आहे. मी उलटा हात पुढं करते. पण त्याआधी गिऱ्हाइकाला विचारते, तुमच्या विहिरीवर परतीची तार आहे का, का सळई? आणि तो सांगेपर्यंत मोटरीला हात लावत नाही.